टीबी, मरणाऱ्या पेशी आणि अंगातली सूज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पुण्यात एका लॅबमध्ये चार वर्षं मॅक्रोफेज नावाच्या, जंतू आणि राडारोडा गिळणाऱ्या पेशी वाढवल्या, त्यांना जंतू खायला घातले आणि त्या कशा मरतात ते मायक्रोस्कोपखाली बघत बसले, आणि नेमकं त्याच काळात घरी मावशीला मानेच्या गाठीचा टीबी निघाला. मग काय, नातेवाईक, मैत्रिणी, सोसायटीतल्या काकू, सगळे मलाच विचारायला लागले. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय. गोळ्यांचा डोस, कुठली गोळी कधी घ्यायची, हे मला विचारू नका, ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण आत काय चाललंय हे एकदा कळलं की माणूस उपचार अर्धवट सोडत नाही, हे मी घरातच बघितलंय, म्हणून हा सगळा खटाटोप.

पेशी मरतात म्हणजे काहीतरी बिघडलंय असंच ना?

नाही हो, अजिबात नाही. तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळातसुद्धा अंगातल्या कोट्यवधी पेशी मेल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचा हिशोब मांडला होता, रोज साधारण ३३० अब्ज पेशी बदलतात, बहुतेक रक्तातल्या. एवढं मरण रोज चालू असतं आणि आपल्याला साधा तापही येत नाही. म्हणजे नुसत्या मरण्यानं सूज येत नाही, पेशी कशा तऱ्हेनं मेली त्यावर सगळं असतं.

मी नेहमी वाड्याचं उदाहरण देते. जुना वाडा दोन तऱ्हेनं जातो. एक म्हणजे रीतसर उतरवतात, आधी लाइट आणि पाणी तोडायचं, मग कौलं काढायची, मग तुळया, दारं, खिडक्यांच्या चौकटी, सगळं वेगवेगळं रचून टेम्पोत भरून न्यायचं, शेजाऱ्यांना फार तर चार दिवस धूळ. आणि दुसरी तऱ्हा म्हणजे ऐन पावसात रात्री भिंत बसते, मग फायर ब्रिगेड, पोलीस, बघ्यांची गर्दी, गल्ली बंद, आणि ढिगारा उपसता उपसता शेजारच्या घरालाही तडे जातात. पेशी रीतसर स्वतःला उतरवून घेते त्याला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. हा शब्द १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी वापरात आणला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाची पानं गळणं. आणि कोसळून मरणं म्हणजे नेक्रोसिस.

हे डोळ्यांना दिसतं का, की सगळं पुस्तकातलंच?

दिसतं, आणि पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते. चांगली मॅक्रोफेज प्लेटच्या तळाला चिकटून धिरड्यासारखी पसरलेली असते, कडा वेड्यावाकड्या. अ‍ॅपॉप्टोसिस सुरू झालं की ती कडा आत ओढून घेते, गोल होते, आणि मग पापड भाजताना फोड येतात ना तसे तिच्या अंगावर फुगे यायला लागतात, ते सुटून छोट्या छोट्या पुड्या होतात. पण पुड्या बंद असतात, आतलं काही बाहेर सांडत नाही. नेक्रोसिसवाली उलट फुगते, फिकट होत जाते, बराच वेळ काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग एकदम केंद्रक लाल होतं, कारण आम्ही पाण्यात प्रोपिडियम आयोडाइड नावाचा रंग घातलेला असतो आणि धडधाकट पेशीत तो शिरूच शकत नाही. लाल झाली म्हणजे भिंत फुटली. भिंत फुटली म्हणजे आतलं सगळं बाहेर पडतंय.

बाकीच्या पेशींना कळतं कसं की ही रीतसर मेली आणि ती कोसळली?

पेशीच्या आवरणात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाची एक चरबी असते, जिवंतपणी पेशी ती मुद्दाम आतल्या बाजूला ठेवते. अ‍ॅपॉप्टोसिस होताना ती बाहेरच्या बाजूला येते, आणि मॅक्रोफेजसाठी तीच खूण, की मला उचलून ने. १९९० च्या दशकात हे उलगडत गेलं आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की अशी पेशी खाल्ल्यावर मॅक्रोफेज नुसती साफसफाई करून थांबत नाही, ती टीजीएफ-बीटा, आयएल-१० असे सूज शांत करणारे निरोप सोडते आणि भडकवणारे निरोप आवरते. या मेलेल्या पेशी खाण्याला इफेरोसायटोसिस असं अवघड नाव आहे, मी खाली सरळ "उचलून नेणं" म्हणणार आहे.

कोसळलेल्या पेशीतून मात्र अशा वस्तू बाहेर येतात ज्या एरवी बाहेर दिसायलाच नकोत. केंद्रकातलं एचएमजीबी१ हे प्रोटीन, एटीपी हा ऊर्जेचा रेणू, युरिक अ‍ॅसिड, आणि पेशीची वीजघरं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा डीएनए. हा शेवटचा तर फारच गमतीचा प्रकार, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे कधीकाळी स्वतंत्र जगणारे बॅक्टेरियाच, त्यामुळे त्यांचा डीएनए सांडला की रोगप्रतिकारक पेशींना वाटतं बॅक्टेरियाच आलेत. पॉली मॅट्झिंगर या बाईंनी १९९४ मध्ये मांडलं होतं की इम्यून सिस्टीम फक्त आपलं आणि परकं एवढंच बघत नाही, ती धोक्याच्या खुणा बघते, आणि आपल्याच पेशीची मोडतोड ही त्यातली मोठी खूण. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण मोडतोडीचा मुद्दा आता सगळ्यांनी धरलाय.

मग टीबीचा जंतू यात कुठे येतो?

टीबीचं अर्धं राजकारण इथेच आहे. खोकल्यातून बारीक थेंब हवेत जातात, ते श्वासातून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, आणि तिथे पहारा असतो मॅक्रोफेजचाच. त्या जंतूला गिळतात, पण हा जंतू त्यांच्या पोटात पचतच नाही, ज्या पिशवीत तो असतो ती अ‍ॅसिडच्या पिशवीला जोडलीच जाऊ देत नाही आणि आत बसून सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला साधारण एक दिवस लागतो. आपल्या ओळखीचे इतर बॅक्टेरिया २०-३० मिनिटांत दुप्पट होतात, यावरून अंदाज घ्या की हा किती निवांत आहे, आणि उपचार सहा महिने का चालतात याचं एक कारण हेही.

आता अशा भरलेल्या पेशीनं काय करावं? रीतसर मरावं, जंतूसकट. आणि नेमकं तेच जंतूला नको असतं. लॅबमध्ये जगभर जी जात वापरतात ती एच३७, १९०५ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाकडून मिळालेली, तिच्या दोन लेकी आहेत, एच३७आरव्ही जहाल आणि एच३७आरए मवाळ. मवाळ जात घातली की मॅक्रोफेज बऱ्यापैकी अ‍ॅपॉप्टोसिसनं मरतात, जहाल घातली की ते कमी होतं आणि नेक्रोसिस वाढतं. म्हणजे जहालपणाचा एक मोठा भाग हाच, की पेशीला नीट मरू द्यायचं नाही.

कसं करतो तो? त्याच्याकडे ईएसएक्स-१ नावाची एक सुईसारखी यंत्रणा आहे, तिच्यातून ईएसएटी-६ वगैरे प्रोटीनं सोडतो, त्यांनी पिशवीचं आवरण फाटतं. एक विष आहे जे पेशीतला एनएडी हा ऊर्जेच्या कामाला लागणारा रेणू संपवून टाकतं. शिवाय पेशी आपलं फाटलेलं आवरण शिवत असते आणि मायटोकॉन्ड्रिया सांभाळत असते, त्याला प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचा रेणू मदत करतो, जहाल जंतू लिपॉक्सिन ए४ नावाचा दुसरा रेणू वाढवून तेच दाबतो. शिवण बंद, मग फाटत जाणार आणि शेवटी कोसळणार. (मी "करतो", "नको असतं" असं लिहितेय पण जंतू काही विचार करत नाही, हजारो वर्षांत जे टिकले ते असे आहेत इतकंच.)

पेशी रीतसर मेली तर आतला जंतू मरतो का?

बऱ्याचदा हो. पुडीत बंद झालेला जंतू दुसऱ्या ताज्यातवान्या मॅक्रोफेजनं पुडीसकट उचलला की यावेळी अ‍ॅसिडची पिशवी बरोबर जोडली जाते आणि जंतू मारला जातो, हे २०१२ मध्ये उंदरांच्या पेशींवर छान दाखवलंय. दुसरा फायदा, त्या पुड्यांमधून जंतूचे तुकडे डेन्ड्रिटिक पेशींकडे (जंतूची ओळख करून देणाऱ्या) जातात आणि त्या टी-सेलना, म्हणजे नेमका शत्रू ओळखून लढणाऱ्या पेशींना, शिकवतात की हा बघा, याला शोधायचं. कोसळलेल्या पेशीतून जंतू सुटा बाहेर पडतो आणि जे सांडलंय त्याच्या वासानं धावत आलेल्या नव्या पेशींमध्ये शिरतो. त्याला तर राहायला नवी घरंच मिळाली.

पण इतकं सरळही नाहीये, ते सांगायला हवं. झेब्राफिश नावाचा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा छोटा मासा आहे, त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या आत पेशी काय करतायत ते बघता येतं. ललिता रामकृष्णन, ज्यांनी बडोद्याला एमबीबीएस केलं आणि आता केंब्रिजमध्ये असतात, त्यांच्या ग्रुपनं टीबीचाच भाऊबंद असलेला मासळीतला जंतू वापरून २००९ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या गाठीत एक मेलेली मॅक्रोफेज उचलायला अनेक जणी येतात आणि त्यांच्यातच जंतू पसरतो. म्हणजे उचलून नेणाऱ्या पेशीत मारायची ताकद नसेल तर ती जंतूची वाहतूक करून देते. त्यामुळे "अ‍ॅपॉप्टोसिस चांगलं, नेक्रोसिस वाईट" एवढं पाठ करून ठेवू नका, कुठे, कधी आणि पुढे कोण उचलतंय हे बघावं लागतं. साल्मोनेलासारख्या जंतूच्या बाबतीत तर पेशी धाडकन फुटणंच फायद्याचं ठरतं, लपलेला जंतू उघड्यावर येतो आणि न्यूट्रोफिल नावाच्या, जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतात.

गोळ्या सुरू केल्यावर गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढली, म्हणजे औषध लागू पडत नाहीये का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जवळचा आहे.

मावशीच्या मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. सुई घालून तपासलं, टीबी निघाला, एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू झाली. पहिला महिना बरा गेला, ताप उतरला, भूक लागायला लागली. दुसऱ्या महिन्यात गाठ वाढायला लागली, लिंबाएवढी झाली, वरची कातडी लाल आणि गरम, पदर लागला तरी कळ यायची. काका म्हणाले या गोळ्या उष्ण पडल्यात, बंद कर. मावशीनं दोन दिवस खरंच बंद केल्या आणि कुणाला सांगितलं नाही, मला डब्यात गोळ्या मोजल्यावर कळलं. आधी ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे नीट बघितलंच नाही, लगेच "औषधाला दाद न देणारा टीबी असेल" म्हणून घाबरवून सोडलं, त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीतला पू काढून पुन्हा तपासणीला पाठवला, कल्चर लावलं, त्यात काहीही वाढलं नाही. जंतू मेले होते. सूज त्यांच्या मढ्यांवर आलेली होती.

याला पॅरॉडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात आणि गाठीच्या टीबीत ती बऱ्याच जणांना होते. गोळ्यांनी जंतू मरतात, त्यांच्या आवरणाचे तुकडे सुटतात, आधीच कोसळलेल्या पेशींचा राडारोडा तिथे असतोच, आणि जंतूनं इतके दिवस दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती आता मोकळी होऊन त्या ढिगाऱ्यावर तुटून पडते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू केल्यावर हेच जोरात होतं, कारण टी-सेल परत येतात आणि त्यांना समोर पडलेला माल दिसतो. पण खरोखर औषधाला न जुमानणारा टीबीही असू शकतो, दुसराच काही आजार असू शकतो, म्हणून घरी बसून ठरवायचं नाही, परत तपासणी करायची, आणि तोपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही. मावशीचे ते दोन दिवस आठवले की मला अजूनही धस्स होतं.

रिपोर्टमध्ये "केसिएशन" लिहिलंय, ते काय असतं?

चीझसारखा मऊ पांढरट मेलेला पदार्थ, म्हणून ते नाव. आपल्याकडे खवा किंवा कुस्करलेलं पनीर डोळ्यांसमोर आणा. टीबीच्या गाठीच्या मधोमध मॅक्रोफेज मोठ्या संख्येनं कोसळून मरतात, त्यांच्यातली चरबी, प्रोटीन सगळं एकत्र होऊन हा गोळा बनतो. भोवती जिवंत पेशींची तटबंदी असते, आणि अशी गाठ घट्ट बंद राहिली तर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो, टीबीचा संसर्ग झालेल्यांपैकी जेमतेम ५ ते १० टक्के लोक आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. पण हा मधला गोळा पातळ झाला आणि श्वासनलिकेत फुटला की तिथे पोकळी होते, डॉक्टर कॅव्हिटी म्हणतात, आणि मग हवा मिळाल्यावर जंतू बेसुमार वाढतात आणि बेडक्यातून बाहेर पडतात. जंतूचा एका माणसातून दुसऱ्यात जायचा रस्ता आपल्या मेलेल्या पेशींच्या ढिगाऱ्यातून जातो. जगातल्या दर ४ टीबी रुग्णांमागे साधारण १ भारतात आहे, तेव्हा हा रस्ता आपल्याकडे किती वाहता आहे ते बघा.

पू म्हणजे काय मग?

मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. या पेशी जन्मतःच कमी आयुष्याच्या, आणि त्या आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवतात हे २००४ मध्ये कळलं. जाळं टाकता टाकता बऱ्याचदा त्या स्वतः मरतात. साध्या गळवात हे उपयोगी, पण टीबीत न्यूट्रोफिल फार झाले की फुप्फुसाचं नुकसान वाढतं, त्यांच्यातली एन्झाइमं आपलंच मांस विरघळवतात.

टीएनएफ हे चांगलं की वाईट? आमच्या डॉक्टरांनी संधिवाताचं इंजेक्शन द्यायच्या आधी टीबीची टेस्ट सांगितली.

बरोबर सांगितली. टीएनएफ हा भडकवणारा निरोप, संधिवातात तो जास्त झालेला असतो म्हणून त्याला अडवणारी इंजेक्शनं देतात. २००१ मध्ये त्यातलंच एक, इन्फ्लिक्सिमॅब, घेणाऱ्या ७० रुग्णांना टीबी झाल्याचा अहवाल आला आणि तेव्हापासून आधी टेस्ट करायची पद्धत पडली. टीएनएफ नसेल तर मॅक्रोफेज आतला जंतू आवरू शकत नाही, गाठ सैल पडते आणि झोपलेला जंतू उठतो.

म्हणून कुणी म्हणेल मग भरपूर टीएनएफ चांगलं. त्याच पारदर्शक माशांनी याचंही उत्तर दिलं. टीएनएफ फार झालं की मॅक्रोफेजच्या मायटोकॉन्ड्रियातून ऑक्सिजनचे तापट रेणू इतके सुटतात की सुरुवातीला जंतू मरतात खरे, पण पाठोपाठ पेशीच कोसळते आणि उरलेले जंतू उघड्यावर येऊन मोकाट वाढतात. कमी पडलं तरी पेशी फुटते, जास्त झालं तरी फुटते, फक्त कारण वेगळं. भाजीतल्या मिठासारखं आहे ते.

वजन का घटतं आणि रात्री घाम का फुटतो?

क्षय हे नाव आपल्या पूर्वजांनी उगाच नाही ठेवलं, माणूस झिजताना त्यांना दिसत होता. टीएनएफचंच एक जुनं नाव कॅकेक्टिन, म्हणजे शरीर झिजवणारं, वजन घटवणारा घटक शोधताना वेगळ्या वाटेनं लोक त्याच रेणूपाशी पोचले आणि १९८५ मध्ये दोन्ही एकच असल्याचं कळलं. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ हे भडकवणारे निरोप मेंदूपर्यंत जातात, भूक मारतात, ताप चढवतात, आणि ताप उतरताना घामानं गादी भिजते. या सगळ्यात जंतूपेक्षा आपल्या प्रतिकाराचाच हात जास्त.

पायरोप्टोसिस, नेक्रोप्टोसिस, फेरोप्टोसिस... ही एवढी नावं कशाला?

कारण "कोसळणं" हा एकच प्रकार नाही निघाला. पायरोप्टोसिसमध्ये पेशी स्वतःच स्वतःला भोकं पाडून फुटते आणि फुटताना आयएल-१बीटा हा भडकवणारा निरोप सोडते. ही भोकं गॅस्डर्मिन डी नावाचं प्रोटीन पाडतं, या मरणात त्याचा हात आहे हे २०१५ मध्ये कळलं. आमांश करणारा शिगेला मॅक्रोफेजना मारतो हे १९९२ मध्येच दिसलं होतं पण तेव्हा त्याला अ‍ॅपॉप्टोसिस समजले होते, पायरोप्टोसिस हे नाव २००१ चं, पायरो म्हणजे आग. नेक्रोप्टोसिसचा रस्ता वेगळा, शेवटी भोकं पडतातच. फेरोप्टोसिस लोहामुळे, आवरणातली चरबी जणू खवट होऊन पेशी जाते, आणि टीबीत उंदरांमध्ये हे होतं असं २०१९ मध्ये दाखवलंय, ते अडवलं तर फुप्फुसातलं नेक्रोसिस आणि जंतू दोन्ही कमी झाले. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, महत्त्वाचं इतकंच की ज्या मरणाला ठरलेल्या पायऱ्या आहेत त्यातली एखादी पायरी औषधानं अडवता येऊ शकते.

मग सूज कमी करायला स्टिरॉइड सगळ्यांनीच का घेऊ नये?

कृपा करून स्वतःच्या मनानं घेऊ नका. स्टिरॉइड सूज दाबतं तसं जंतूविरुद्धचा पहाराही ढिला करतं, आणि मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटून टीबी लपून राहिलेली माणसं मला माहीत आहेत.

पण योग्य जागी त्याचा मोठा उपयोग आहे. मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला तर कवटीत सूज यायला जागाच नसते. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेली चाचणी २००४ मध्ये आली, टीबीच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेल्यांपैकी साधारण ३२ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ४१ टक्के. म्हणजे जंतूवरची औषधं तीच, फक्त आपला दाह आवरल्यानं माणसं वाचली. (गंभीर अपंगत्व मात्र त्यानं कमी झालं नाही, तेही सांगायला हवं.) एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्यांना एआरटी सुरू करताना प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलं तर वर सांगितलेली पॅरॉडॉक्सिकल सूज कमी जणांना येते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या २४० रुग्णांच्या चाचणीत २०१८ मध्ये दिसलं, ४७ टक्क्यांवरून साधारण ३३ वर. मावशीलाही डॉक्टरांनी थोडे दिवस दिलं होतं, एकेटी चालू ठेवूनच, आणि कमी करत करत बंद केलं.

काढा, हळद, इम्युनिटी बूस्टर घेतलं तर?

इम्युनिटी म्हणजे रेडिओचा आवाज नाही की वाढवला की बरं. वर टीएनएफचं वाचलंत ना, टीबीत बरंच नुकसान जास्तीच्या भडक्यानंच होतं. दुधात हळद घ्या, हरकत नाही, पण त्यानं जंतू मरत नाहीत, आणि पावडरच्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका.

खाण्याचं मात्र मी हात जोडून सांगते. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला तांदूळ, डाळ असा शिधा दिला तर त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी झालं, हा अभ्यास २०२३ मध्ये आला. नीट खायला नसलेल्या अंगात मॅक्रोफेज आणि टी-सेल दोन्ही दुबळे असतात. टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, बँकेचं खातं जोडलंय की नाही ते आजच बघा, आमच्याकडे आधार जोडायचं राहिलं म्हणून दोन महिने हेलपाटे झाले.

बीसीजी (टीबीची लस) टोचली होती तरी टीबी झाला, आणि बीसीजीचा पेशींच्या या मरणाशी काही संबंध?

आहे, आणि फार सुंदर आहे. काल्मेत आणि गेरँ या दोघांनी फ्रान्समध्ये १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गाईंच्या टीबीचा जंतू बटाट्यावर पुन्हा पुन्हा वाढवला, २३० वेळा, आणि तो मवाळ झाला. का झाला हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे डीएनए वाचता आल्यावर कळलं की वाढवता वाढवता त्याचा एक तुकडा गळून गेलाय, आणि त्या तुकड्यावरच ईएसएक्स-१ची सुई आणि ईएसएटी-६ होतं. म्हणजे पेशी कोसळवायचं हत्यारच हरवलं! लस म्हणून तो सुरक्षित झाला, पण त्यामुळेच तो पिशवीत गपचूप बसतो आणि टी-सेलना, विशेषतः मारेकरी टी-सेलना, हवं तेवढं शिकवत नाही. लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बीसीजी चांगलं वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत तिचा भरवसा कमी.

यावर जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेत एक युक्ती केली, बीसीजीमध्ये लिस्टेरिया नावाच्या जंतूचं भोक पाडणारं प्रोटीन घातलं, म्हणजे पिशवी फाटते, पेशी अ‍ॅपॉप्टोसिसकडे वळते आणि पुड्या टी-सेल शिकवणाऱ्यांपर्यंत पोचतात. व्हीपीएम१००२ हे तिचं नाव आणि ती पुढे न्यायचं काम आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं घेतलं. पेशीनं कसं मरावं हे लसच ठरवतेय, या कल्पनेनं मला लॅबमधल्या कंटाळवाण्या दिवसांतही उभारी यायची.

टीबी बरा झाला, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी जिना चढताना दम का लागतो?

जंतू गेले पण जिथे पेशी कोसळल्या तिथे फुप्फुसाचा सांगाडाही एन्झाइमांनी कापला गेलेला असतो, आणि ती जागा शरीर व्रणासारखी भरून काढतं. व्रण हवा घेत नाही. त्यामुळे कोर्स संपला म्हणून सोडून देऊ नका, दम लागत असेल तर फुप्फुसाची तपासणी करून घ्या, श्वासाचे व्यायाम, तंबाखू-विडी बंद, याचा फरक पडतो. आणि बेडक्यात परत रक्त आलं तर थांबू नका.

गाठ गेली पण बारीक खडा हाताला लागतो, तो काढायचा का?

बहुतेक वेळा नाही. कोसळलेल्या पेशींचा तो गोळा पूर्ण उचलून नेता आला नाही की शरीर त्यात कॅल्शियम भरून तिथेच पक्का करून टाकतं, एक्सरेत पांढरा ठिपका दिसतो तो हाच. वाढत नसेल, दुखत नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. मावशीच्या मानेत डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा आहे, सहा वर्षं झाली, मंगळसूत्र घालताना तिचा हात अजून तिथे जातो आणि दर दिवाळीला मी आल्यावर ती मान वाकडी करून म्हणते, बघ गं, तेवढाच आहे ना.